मणक्याला मार लागल्यावर पोटाचं टाइमटेबल कसं बसवायचं (नवीन पेशंट आणि घरच्यांसाठी)

गोव्यात डिचोलीला आमच्या वाड्यावर पोदेर (पाववाला) सकाळी साडेसहाला येतो. त्याचा भोंपू वाजला की मी उठून बसतो, कोमट पाणी पितो, मग चहा आणि एक गरम पोई, आणि सात वाजता कमोड चेअरवर. दिवसाआड. पावणेआठपर्यंत सगळं आटपून आंघोळ झालेली असते आणि मग पुढचे दोन दिवस मला शीचा विचारसुद्धा करावा लागत नाही, मी दुकानात बसतो, बाजारात जातो, लग्नाला जातो. हे वाचून तुम्हाला वाटेल यात काय मोठं, पण ज्यांच्या घरात नुकताच कोणीतरी मणक्याला मार लागून आलाय त्यांना कळेल यात किती मोठं आहे ते.

माझा मार डी-९ ला, म्हणजे पाठीच्या नवव्या मणक्याला आहे, पावसात बाईक घसरली त्याला नऊ वर्षं झाली. (रिपोर्टवर कुणी डी लिहितात कुणी टी, डॉर्सल म्हणा की थोरॅसिक, दोन्ही एकच.) इस्पितळातून घरी सोडताना कागदावर दोन गोळ्या आणि एक सिरप लिहून दिलं होतं, पोट साफ होण्यासाठी, बस. कधी घ्यायचं, कसं बसायचं, शी कशी आणायची, कुणी एक शब्द सांगितला नाही. पहिले चार महिने आम्ही अंदाजाने काढले, दोन दिवस काहीच नाही म्हणून घाबरून डबल सिरप, मग तिसऱ्या दिवशी रात्री अंथरुणातच, बायको आणि आई रात्री दोन वाजता चादरी धुतायत आणि मला खालचं काही कळतच नाही, वास आल्यावरच कळतं. त्या रात्री आई काही बोलली नाही, फक्त मला पुसत होती, मी तोंड भिंतीकडे केलं होतं. ते दिवस कुणाच्या घरी येऊ नयेत म्हणून हे सगळं लिहितोय, जरा उघड लिहिणार आहे, लाज बाजूला ठेवून वाचा.

एक गोष्ट सगळ्यात आधी. आपलं शरीर आता आतून सांगत नाही की लागली आहे. मग ते घड्याळाने ठरवायचं. औषध नंतर, वेळ आधी. लोक उलटं करतात, औषधं बदलत राहतात आणि वेळ रोज वेगळी, मग आतडं काही शिकतच नाही.

तुमचं आतडं कुठल्या प्रकारचं ते आधी विचारून घ्या

हे ठरल्याशिवाय पुढचं काही करू नका, कारण दोन प्रकारांची पद्धत वेगळी आहे आणि शेजारच्या पेशंटची पद्धत तुम्हाला लागू पडेलच असं नाही.

मार वर असेल, म्हणजे मान किंवा पाठीच्या भागात, साधारण डी-१२ च्या वर, तर मज्जारज्जूच्या शेवटच्या टोकातलं शीचं केंद्र शाबूत असतं, फक्त मेंदूशी त्याचा संबंध तुटलेला असतो. अशा वेळी गुदद्वाराचा स्नायू घट्ट आवळलेला राहतो पण आतून योग्य धक्का दिला की तो आपोआप सैल होतो आणि शी बाहेर येते. याला रिफ्लेक्स आतडं म्हणतात. माझं हेच.

मार खाली असेल, कमरेला, म्हणजे ते शेवटचं टोक किंवा त्याच्या खालच्या नसांचा झुपकाच दुखावला असेल तर रिफ्लेक्सच नसतो, खालचा स्नायू सैल पडतो. खोकला आला, चेअरवरून बेडवर सरकलं, की थोडी थोडी बाहेर येते. याला ढिलं आतडं म्हणूया. यात सपोझिटरीचा (गुदद्वारातून आत ठेवायच्या औषधाच्या गोळीचा) फारसा उपयोग होत नाही, शी बोटाने काढावी लागते आणि तीही रोज, काहींना दिवसातून दोनदा.

कुठला प्रकार ते डॉक्टर बोट घालून तपासून पाच मिनिटांत सांगतात. गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजात) किंवा जिल्हा इस्पितळात फॉलोअपला जाल तेव्हा स्पष्ट विचारा, "डॉक्टर, रिफ्लेक्स आहे की नाही?" आणि कागदावर लिहून घ्या. फक्त एक लक्षात ठेवा, मार लागल्यावर पहिले काही दिवस ते काही आठवडे मज्जारज्जू शॉकमध्ये असतो, तेव्हा सगळ्यांचंच आतडं ढिल्यासारखं वागतं. म्हणून सुरुवातीला केलेली तपासणी महिन्या-दोन महिन्यांनी पुन्हा करून घ्यायची.

शी कशी हवी

हे ऐकायला विचित्र वाटेल पण आपल्याला हे ठरवायचं असतं. डॉक्टरांकडे ब्रिस्टल चार्ट असतो, त्यात सात प्रकारच्या शीची चित्रं असतात, १ म्हणजे बकरीच्या लेंड्यांसारखे सुटे खडे आणि ७ म्हणजे नुसतं पाणी. रिफ्लेक्सवाल्यांना मऊ पण आकार असलेली हवी, गुळगुळीत लांब केळ्यासारखी, चार्टवरचा ४ नंबर. ढिल्यावाल्यांना जरा घट्ट हवी, ३ किंवा २ कडे झुकणारी, कारण मऊ असली की ती मधेच गळत राहते आणि बोटाने धरता येत नाही. म्हणजे बघा, एकाच वॉर्डात दोन पेशंट, एकाला पपई चांगली आणि दुसऱ्याला तीच पपई त्रासाची.

खाण्याबद्दल सगळे सांगतात भरपूर फायबर खा. तसं आंधळेपणाने करू नका. आपलं आतडं हळू चालतं, एकदम खूप फायबर टाकलं तर पोट फुगतं आणि गॅसने जीव जातो. दिवसाला साधारण १५ ग्रॅमपासून सुरू करा, म्हणजे सकाळी एक पोई (खरी, कोंड्याची, मैद्याचा पाव नव्हे), दुपारी जेवणात तांबडी भाजी किंवा मुगाची उसळ, एखादं फळ, झालं. मग आठवड्याने थोडं वाढवायचं आणि शी कशी होते ते बघायचं. नाचणीचं सत्व मला चालतं, चवळी-वाटाण्याने मला गॅस होतो, फणसाच्या दिवसांत तर मी जपूनच असतो. तुमचं वेगळं असेल. उकड्या तांदळाची पेज पोटाला हलकी, पण नुसत्या पेजेवर राहिलात तर फायबर काहीच जात नाही, हे आजीला समजावणं कठीण आहे पण समजवा.

इसबगोल घेत असाल तर त्यावर पाणी पाहिजेच. कमी पाण्यात घेतलेला इसबगोल आत जाऊन लगदा होऊन बसतो. आणि पाण्याचंही एक त्रांगडं आहे, जे सीआयसी करतात म्हणजे ठरावीक वेळाने नळी घालून लघवी काढतात त्यांना एका वेळी लघवी ५०० मिलीच्या आत ठेवायला सांगितलेलं असतं, म्हणून ते पाणी पिणंच बंद करतात आणि मग शी दगड होते. पाणी कमी करू नका, दिवसभरात वाटून प्या, आणि किती प्यायचं ते लघवीच्या डॉक्टरांशी बोलून एकदाच ठरवा.

वेळ ठरवणं

जेवल्यानंतर आतडं आपोआप हलतं, हा रिफ्लेक्स मणक्याला मार लागल्यावरही बऱ्यापैकी राहतो. सकाळच्या नाश्त्यानंतर तो सगळ्यात जोरात असतो. म्हणून खाल्ल्यावर २० ते ३० मिनिटांनी बसायचं. गरम चहाने मदत होते.

सकाळच हवी असं नाही. घरात सकाळी मुलांची शाळा, एकच बाथरूम, कामाला जायची घाई असेल तर रात्रीच्या जेवणानंतर करा, पण मग रोज रात्रीच. आज सकाळी उद्या रात्री असं नाही. रिफ्लेक्सवाल्यांनी रोज किंवा दिवसाआड. तीन-चार दिवस गॅप टाकू नका, आत शी जितकी राहील तितकं पाणी शोषलं जाऊन ती कडक होते आणि आतडं ताणलं जातं. सुरुवातीला रोज करा, बसलं की मग दिवसाआडवर या.

प्रत्यक्ष कसं करायचं (रिफ्लेक्सवाल्यांसाठी)

पहिल्यांदा हे नर्स किंवा फिजिओच्या समोर करून शिका, नुसतं वाचून नाही. मी क्रम सांगतो म्हणजे तुम्ही तिथे काय विचारायचं ते कळेल.

आधी सामान काढून ठेवा: ग्लोव्हज, जेली, सपोझिटरी, टिश्यू, अंडरपॅड, पिशवी, हातात धरायचा आरसा. ग्लोव्हज शक्यतो नायट्राइलचे घ्या, आपल्यासारख्या पेशंटना सतत वापरून लेटेक्सची म्हणजे साध्या रबरी ग्लोव्हजची अॅलर्जी होण्याचं प्रमाण जास्त असतं. आणि खोबरेल तेल लावू नका! आमच्याकडे घरचं खोबरेल डबा भरून असतं, आईने पहिल्यांदा तेच लावलं आणि ग्लोव्ह बोटावरच फाटला. तेलाने आणि व्हॅसलीनने लेटेक्स कमकुवत होतं. पाण्यात विरघळणारी जेली मेडिकलमध्ये मिळते ती वापरा. नखं कापलेली, अंगठी काढलेली.

मग लघवी काढून घ्या. भरलेल्या मूत्राशयाने सगळं बिघडतं.

जेवून २०-३० मिनिटं झाली की ग्लोव्ह घालून जेली लावून एक बोट हळूच आत. तिथे खाली शी तयार असेल तर आधी ती काढायची. हे का, तर सपोझिटरी आतड्याच्या भिंतीला चिकटली पाहिजे तरच काम करते, शीच्या गोळ्यात खुपसली तर वाया गेली. कितीतरी लोक म्हणतात सपोझिटरीने काही होत नाही, त्यातल्या निम्म्यांचं कारण मला हेच दिसलंय. मग सपोझिटरी बोटाने जाईल तितकी वर, भिंतीला टेकवून ठेवायची. नेहमी लिहून देतात ती बिसाकोडिल १० मिग्रॅ असते, लहान मुलांची ५ ची पण मिळते, पाकीट बघून घ्या. ग्लिसरीनची सौम्य असते, पुढे पोट बसलं की बरेच जण ग्लिसरीनवर येतात, काही जण नुसत्या बोटावर. आपल्याकडच्या उन्हाळ्यात ती पाघळते म्हणून थंड जागी ठेवा.

ही बेडवर ठेवायची असेल तर डाव्या कुशीवर, गुडघे पोटाकडे घेऊन. मग चेअरवर. बसल्याने वजनाने शी खाली यायला मदत होते, म्हणून डॉक्टरांनी बसायची परवानगी दिली असेल तर बसूनच करा. पायाखाली छोटा पाट किंवा स्टूल ठेवा, गुडघे कमरेपेक्षा जरा वर आले की बरं.

बिसाकोडिलला १५ मिनिटांपासून तासापर्यंत कितीही लागू शकतात, माणसागणिक वेगळं. १५-२० मिनिटं झाली की बोटाने स्टिम्युलेशन सुरू करायचं. डॉक्टर याला डिजिटल स्टिम्युलेशन म्हणतात, कॉम्प्युटरचा काही संबंध नाही, इथे डिजिट म्हणजे बोट. जेली लावलेलं बोट दोन-तीन सेंटीमीटर आत, भिंतीला लागून, हळूहळू गोल फिरवायचं, १५ ते २० सेकंद. एका वेळी मिनिटाच्या वर कधीच नाही. आतला आवळलेला स्नायू सैल झाल्यासारखा वाटतो, गॅस सुटतो, किंवा शी सरकते. लगेच बोट काढायचं आणि येऊ द्यायचं. ५-१० मिनिटं थांबून पुन्हा. जोर लावू नका, खणू नका, आतली त्वचा नाजूक आहे आणि आपल्याला दुखत नाही म्हणून जखम कळत नाही.

मधल्या वेळात पोट चोळायचं, उजव्या बाजूला खालून वर, मग आडवं डावीकडे, मग डावीकडून खाली, घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने. आतडं पोटात असंच फिरलेलं आहे. पुढे वाकणं, जमेल तितकं डावीकडे उजवीकडे झुकणं. तोल जात असेल तर पट्टा बांधा किंवा समोर कुणीतरी उभं राहा.

संपलं कसं ओळखायचं, हा प्रश्न सगळे विचारतात. दहा-दहा मिनिटांनी दोनदा स्टिम्युलेशन केलं आणि काही आलं नाही, किंवा नुसता चिकट द्रव येतोय, किंवा आतली भिंत बोटाभोवती घट्ट मिटलीय असं लागतंय, तर झालं. तासाच्या आत संपलं पाहिजे. रोजच तासाच्या वर जात असेल तर काहीतरी बदलायला हवं.

सगळं झाल्यावर साबणाने हात, जागा पुढून मागे धुवायची (मागून पुढे धुतलं तर लघवीचं इन्फेक्शन ठरलेलंच), आणि आरशात बैठकीची कातडी बघायची. कमोड चेअरची सीट गादीची पाहिजे. कडक प्लास्टिकच्या सीटवर तास तासभर बसून बेडसोअर झालेले मी बघितलेत, शी आली नाही म्हणून माणूस दीड तास बसून राहतो आणि मग सहा महिने पालथा झोपतो.

ढिलं आतडं असेल तर

इथे स्टिम्युलेशनने काही होणार नाही. जेवणानंतर त्याच ठरलेल्या वेळी, डाव्या कुशीवर किंवा चेअरवर, जेली लावलेल्या एका बोटाने शी थोडी थोडी करून काढायची. मोठा गोळा असेल तर आतच बोटाने मधोमध दाबून तुकडे करून. घरचे म्हणतात हे आम्ही कसं करायचं. आठ दिवस अवघड जातं, मग हात बसतो. ज्यांचे हात चांगले आहेत त्यांनी स्वतःच शिकावं, मी जोर देऊन सांगतो, स्वतःच. बायकोने बायको राहावं म्हणून. माझ्या हिने पाच महिने केलं, मग मी शिकलो, त्यानंतर आमच्यात जे बोलणं बंद पडलं होतं ते हळूहळू परत सुरू झालं.

डी-६ किंवा त्याच्या वर मार असेल तर हे नीट वाचा

हे मी थांबून लिहितोय कारण यात जीव जाऊ शकतो. मान किंवा छातीच्या वरच्या भागात मार असेल तर खाली काहीही टोचलं, भरलं, ताणलं, मग ती तुंबलेली शी असो, बोट असो की मुडपलेली कॅथेटरची नळी, की शरीर त्याला उत्तर म्हणून ब्लड प्रेशर एकदम चढवतं आणि मेंदू ते खाली आणू शकत नाही. ऑटोनॉमिक डिसरिफ्लेक्सिया म्हणतात. डोकं ठणठण दुखतं, चेहरा मान लाल, माराच्या वर घाम, नाक चोंदल्यासारखं, अंगावर काटा, नाडी मंद.

करायचं काय: बोट लगेच बाहेर. माणसाला ताठ बसवा, पाय खाली सोडा, आडवं अजिबात करू नका. पट्टे, कपडे, पोटाचा बेल्ट सैल. मग बीपी, दर दोन-तीन मिनिटांनी. लघवीची नळी मुडपलीय का, पिशवी भरलीय का ते आधी बघा, बहुतेक वेळा कारण तिथेच सापडतं. लघवीत काही नसेल तर शी, पण तेव्हा आत लिग्नोकेन २% जेली (जागा बधिर करणारी) सोडून काही मिनिटं थांबून मगच हळू काढायची. उतरत नसेल, किंवा वरचा आकडा १५० च्या पुढे राहिला, तर १०८ ला फोन, वाट बघत बसू नका.

आणि हे पाठ करा: अशा पेशंटचं रोजचं बीपीच ९०-११० च्या आसपास असतं. त्यामुळे १३५-१४० दिसलं तर कॅज्युअल्टीत कुणीतरी म्हणेल नॉर्मल आहे. नॉर्मल नाही. रोजच्यापेक्षा २०-४० ने वर गेलं म्हणजेच चढलंय. रोजचं बीपी एका कागदावर लिहून तो चेअरच्या पिशवीत कायम ठेवा आणि तोच पुढे करा. ज्यांना दर वेळी रूटीनमध्ये डोकं दुखतं त्यांनी आधीच लिग्नोकेन जेली लावून करायचं का ते डॉक्टरांना विचारावं.

बसत नसेल तर काय बदलायचं

एका वेळी एकच गोष्ट. आणि बदलली की दोन आठवडे बाकी काही हलवायचं नाही. दिवसाआड रूटीन असेल तर दोन आठवड्यांत सातच वेळा होतं, त्यापेक्षा कमीवर काही कळत नाही. वही ठेवा: तारीख, काय खाल्लं, किती वाजता बसलो, किती वेळ लागला, शी कशी, किती, मधे कधी झाली का. माझी पहिली वही शाळेची आहे, दोनशे पानी, अजून कपाटात आहे, तिसऱ्या पानावर बायकोने लिहिलंय "आज ९० मिनिटं, थोडीच, रडला". अकराव्या पानावर "४० मि. ठीक".

बदलायचा क्रम असा ठेवा: आधी वेळ आणि जेवण-बसणं यातलं अंतर, मग खाणं-पाणी, मग बसायची पद्धत, मग सपोझिटरी, आणि तोंडाने घ्यायची औषधं शेवटी. सेना (सोनामुखी) किंवा बिसाकोडिलची गोळी घेतली तर ती रूटीनच्या ८ ते १२ तास आधी, म्हणजे सकाळी सातला करणार तर आदल्या रात्री. माझी सुरुवातीची चूक हीच, गोळी दुपारी घ्यायचो आणि ती मध्यरात्री काम करायची. लॅक्टुलोज किंवा पीईजीची पावडर शी मऊ करते, पण तिला एक-दोन दिवस लागतात, आज घेतली आणि आज बघितलं असं नाही.

कुठल्या औषधाने बद्धकोष्ठ होतो तेही तपासा. लघवीसाठी दिलेली ऑक्सिब्युटिनिन, टॉल्टेरोडिन, दुखण्यावरची ट्रॅमाडॉल, झोपेसाठी आणि नसांसाठीची अमिट्रिप्टिलिन, लोहाच्या गोळ्या, यांनी आतडं मंदावतं. स्वतः बंद करू नका, डॉक्टरांना सांगा.

आणि पातळ होतंय म्हणजे जुलाबच असं धरू नका. गेल्या पावसाळ्यात सत्तरी तालुक्यात एका घरी गेलो होतो, मुलगा चोवीस वर्षांचा, मानेला मार, पंधरा दिवस रोज पाण्यासारखी शी, आई बिचारी जुलाब थांबायची गोळी देत होती. मी विचारलं घट्ट शी कधी झाली होती, तिला आठवेना. पोट टम्म. वर दगडासारखी शी अडकली होती आणि तिच्या कडेने पाणी गळत होतं. जुलाबाच्या गोळीने ते अजून घट्ट होतं. असं असेल, म्हणजे बरेच दिवस घट्ट शी नाही, पोट कडक, उलटी, भूक गेली, मधेच पातळ गळतं, तर घरी काही करू नका, इस्पितळ. साबणाच्या पाण्याचा एनिमा, जमालगोटा, कुणी सांगितलेला काढा, हे काहीही नको.

सगळं करून सहा महिने झाले आणि तरी रोज दीड तास लागतोय, आठवड्याला दोनदा अपघात होतोय, तर तुम्ही कमी पडलात असं समजू नका. पुढचे उपाय आहेत. एक म्हणजे खालून ठरावीक पाणी सोडून आतडं धुवायची पद्धत, तिचा किट येतो, ती डॉक्टरांच्या देखरेखीखालीच शिकायची कारण क्वचित का होईना आतड्याला भोक पडायचा धोका असतो. आणि कोलोस्टोमी, पोटावर पिशवी. लोक तिला घाबरतात, पण माझ्या ओळखीतले एक काका म्हणतात हे पाच वर्षं आधी करायला हवं होतं.

रक्ताचा एखादा डाग ग्लोव्हवर दिसला तर मूळव्याध किंवा नख असू शकतं, दोन-तीन वेळा दिसला किंवा जास्त आला तर दाखवा.

घर, पाऊस, चवथ (गणेशचतुर्थी)

आपल्या जुन्या घरांत संडास मागच्या दारी आणि दोन पायऱ्या खाली, पावसाळ्यात शेवाळ. तिथे जायचा हट्ट सोडा. चाकाची कमोड चेअर घ्या, खाली भांडं लावून खोलीतही चालते आणि वेस्टर्न संडासावर सरकवूनही. घ्यायच्या आधी दाराची रुंदी आणि संडासाची उंची मोजा, आम्ही न मोजता आणली आणि दाराची चौकट तोडावी लागली. धुताना पाणी आधी कोपराने किंवा हाताच्या मागच्या बाजूने बघा, गिझरच्या गरम पाण्याने मांड्या भाजलेल्या कळत नाहीत. पावसात लाइट जाते म्हणून डोक्याला लावायची बॅटरी सामानात ठेवा.

चवथीला सगळं मोडतं. पहिल्या वर्षी मीही मोडलं, मूळ घरी माणसं भरलेली, एकच बाथरूम, मी म्हटलं जाऊ दे दोन दिवस, आणि पाच दिवस नेवऱ्या, पातोळ्या, मोदक, वडे, पाणी कमी. सहाव्या दिवशी जे झालं त्यातून सावरायला महिना लागला. आता आम्ही चवथीच्या दिवशीही त्याच वेळी करतो, सगळे उठायच्या आत, पाचला. वहिनी पहाटे उठून मला चहा करून देते, काही बोलत नाही, चहा ठेवते आणि जाते. घरात एकदा सांगून टाका, लपवलं की वेळ चुकते.

प्रवासात ग्लोव्हज, जेली, सपोझिटरी आणि एक जोडी कपडे वेगळ्या पिशवीत. ग्लोव्हज-पॅडचा महिन्याचा खर्च मी दयानंद योजनेच्या (गोवा सरकारच्या मासिक मदतीच्या) पैशातून काढतो, अपंगत्वाचा दाखला असून अजून अर्ज केला नसेल तर करा.

आणि दुसऱ्याच कुठल्या कारणाने, ताप असेल, जखम असेल, इस्पितळात भरती झालात तर वॉर्डात तुमचं रूटीन कुणाला माहीत नसतं, तीन-तीन दिवस तसेच जातात. म्हणून एका कागदावर लिहून ठेवा: मार कुठे, आतडं रिफ्लेक्स की ढिलं, दिवसाआड सकाळी ७, नाश्त्यानंतर, बिसाकोडिल १० मिग्रॅ, बोटाने स्टिम्युलेशन तीन वेळा, ४५ मिनिटं, शेवटचं कधी झालं. खाली घरच्याचा फोन. अॅडमिट झाल्याबरोबर तो कागद सिस्टरच्या हातात द्या आणि फाइलला लावायला सांगा.